मीठ, ढोली आणि काळ

मकाव पाहायला म्हणून ॲमेझॉनच्या जंगलात शिरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मकाव बहुधा ऐकू येतात, दिसत नाहीत. झाडं तीस-चाळीस मीटर उंच, शेंडे एकमेकांत गुंतलेले आणि पक्षी त्या छताच्याही वरच्या अंगाला. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांबीचा लाल-निळा पोपट पानांत बसला की नाहीसा होतो, हे नुसतं सांगून कुणाला पटत नाही. पण दाट सावलीत लाल रंग काळपट होतो, आणि उडताना सारं रान दणाणून सोडणारा हा पक्षी खायला बसला की गप्प होतो. वरून टपटप पडणारी अर्धवट कुरतडलेली फळं आणि टरफलं, एवढाच काय तो त्याचा पत्ता.

म्हणून पोपट पाहणारी माणसं नदीचा काठ धरतात. पेरू देशाचा अर्ध्याहून अधिक भाग ॲमेझॉनच्या जंगलाखाली आहे आणि पक्ष्यांच्या 1,800 हून अधिक जाती या एका देशात नोंदलेल्या आहेत. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात माद्रे दे दिओस हा प्रांत. त्याची राजधानी पुएर्तो माल्दोनादो. इथेच तंबोपाता नदी माद्रे दे दिओस नदीला मिळते. लांबट, अरुंद होडीत बसून तंबोपाताच्या प्रवाहाविरुद्ध निघालं की काही तासांत वस्त्या मागे पडतात, केळीच्या बागा मागे पडतात आणि दोन्ही काठांना फक्त जंगल उरतं. मधूनच एखाद्या वळणावर नदीने काठ कापून काढलेला असतो आणि तांबूस मातीची उभी दरड उघडी पडलेली असते. अशा दरडीला तिथले लोक ‘कोल्पा’ म्हणतात. मकाव आणि त्यांचे लहान-मोठे भाऊबंद या दरडींवर माती खायला उतरतात.

तंबोपातावरच्या दोन दरडी पक्षीनिरीक्षकांत विशेष प्रसिद्ध आहेत: चुंचो आणि कोलोरादो. कोलोरादोची दरड साधारण 500 मीटर लांब आणि 25 ते 30 मीटर उंच आहे. तिच्यावर पोपटांच्या पंधराहून अधिक जाती येतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर 1989 पासून एक संशोधन केंद्र उभं आहे. चार्ल्स मन या पक्षीशास्त्रज्ञाचा लेख आणि फ्रान्स लँटिंग यांची छायाचित्रं 1994 च्या जानेवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आली आणि पेरूतल्या या दरडी जगभर माहीत झाल्या. तेव्हापासून माणसं हजारो किलोमीटर प्रवास करून इथे येतात, ती रंग पाहायला. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते त्या रंगाच्या मागचं. मकावाचं आयुष्य तीन दुर्मीळ गोष्टींवर उभं आहे: मीठ, ढोली आणि काळ. या तिन्ही गोष्टी ज्याला दिसल्या, त्याने मकाव खऱ्या अर्थाने पाहिला.

दरडीवरची सकाळ

उजाडायच्या आत जागेवर बसावं लागतं. जागा दरडीसमोरच्या वाळूच्या बेटावर किंवा पलीकडच्या काठावर असते. कोलोरादोला संशोधकही सुमारे 150 मीटर अंतरावरूनच नोंदी घेतात. त्यामुळे चांगली दुर्बीण हवी आणि तिपाईवरची दुर्बीण मिळाली तर उत्तम. पाऊस असेल किंवा दाट धुकं असेल तर पक्षी येत नाहीत. तशी सकाळ सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं.

पहिल्या उजेडाबरोबर मध्यम आणि लहान पोपट येतात. मीली ॲमेझॉन आणि पिवळ्या माथ्याचा ॲमेझॉन हे कोंबडीच्या पिल्लाहून मोठे, भरदार हिरवे पोपट. निळ्या डोक्याचे पोपट, नारिंगी गालांचे पोपट, पांढऱ्या पोटाचे पोपट. लहान कोबाल्टपंखी पोपटांचे थवेच्या थवे. यातला एकही पक्षी आल्या आल्या दरडीवर बसत नाही. सगळे आधी भोवतालच्या झाडांच्या शेंड्यांवर जमतात, दरडीवरून घिरट्या घालतात, पुन्हा शेंड्यावर जाऊन बसतात. मग एखादा एक फांदी खाली येतो, त्याच्यामागून दुसरा. पहिला पक्षी मातीला चिकटेपर्यंत अर्धा तास जातो, कधी तासही जातो. एक उतरला की मग बाकीच्यांचा धीर चेपतो आणि बघता बघता मातीचा पट्टा हिरवा होऊन जातो.

एवढी सावधगिरी कशासाठी, हे त्यांच्या जागी जाऊन पाहिलं की कळतं. उघड्या भिंतीला लोंबकळत माती खरवडायची म्हणजे पाठ मोकळी, तोंड भिंतीकडे आणि भोवती गरुड-ससाण्यांचं राज्य. म्हणून एकट्याने कुणी उतरत नाही. शंभर डोळे जागे असतील तेव्हाच खाणं परवडतं. एका पक्ष्याने भयसूचक आवाज काढला की सगळी दरड क्षणात मोकळी होते. शेकडो पंख एकदम फडफडतात, थवा नदीवरून गोल फिरतो, आणि धोका खोटा ठरला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू होतं. खोटा ठरला नाही तर त्या दिवशी ते परतही येत नाहीत. एखादी मोटारहोडी जास्त जवळून गेली, कुणी भडक कपड्यांत उठून उभं राहिलं, तरी पक्ष्यांच्या लेखी तो धोकाच असतो.

मोठे मकाव सकाळ वर आल्यावर येतात. दोघं-दोघं, कधी तिघं, पंखाला पंख लावून. तिसरा बहुतेक वेळा वर्षभरापूर्वीचं पिल्लू असतं. समोरच्या झाडांवर त्यांचा बराच वेळ जातो. एकमेकांची पिसं साफ करणं, भांडणं, उलटं लोंबकळणं, जोडीदाराला भरवणं हे सगळं पाहायला मिळतं ते याच वेळात, दरडीवर उतरण्याआधी. उतरल्यावर ते चोचीने मातीचा गोळा उकरतात. काही जण तो पायात धरून फांदीवर नेतात आणि सावकाश खातात. शेजारचा तो हिसकावायलाही पाहतो.

एक गोष्ट मात्र नीट निरखावी. दरड पाचशे मीटर लांब असली तरी पक्षी तिच्या सगळ्या मातीला तोंड लावत नाहीत. ठरावीक पट्टे, ठरावीक थर खरवडून खरवडून खोल गेलेले असतात. त्याच्याच वरचा थर, आपल्या डोळ्यांना अगदी तसाच दिसणारा, कुणी शिवलेलाही नसतो.

आधी आवाज, मग उडणं, रंग शेवटी

नवख्या माणसाला वाटतं की इतका रंगीत पक्षी ओळखायला सोपा असणार. प्रत्यक्षात सकाळच्या पांढुरक्या आभाळावर प्रत्येक पोपट काळाच दिसतो. तिथले वाटाडे मान वर न करता नुसत्या आवाजावरून जात सांगतात, आणि आवाज संपल्यावर उडण्याच्या ढबीवरून. ॲमेझॉन पोपट पंख अंगाच्या रेषेच्या खालीच, थोडे थोडे आणि भरभर हलवतो, त्यामुळे आखूड शेपटीचा तो पक्षी मोठ्या कष्टाने उडतोय असं वाटतं. मकावाचे पंख संथ आणि खोल हलतात, लांब टोकदार शेपटी मागे सरळ राहते. छोट्या पोपटांचा थवा घट्ट असतो आणि एकाच वेळी वळतो. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

मग रंग. तंबोपाताचे तीन मोठे मकाव म्हणजे शेंदरी मकाव, लाल-हिरवा मकाव आणि निळा-पिवळा मकाव. तिसऱ्याबद्दल गोंधळ होत नाही. पाठ निळी, पोट पिवळं. पहिल्या दोघांत मात्र अनुभवीही फसतात, कारण दोघेही लाल. पंखांवर पाहावं: शेंदरी मकावाच्या पंखावर पिवळा पट्टा असतो, लाल-हिरव्याच्या पंखावर त्याच जागी हिरवा. चेहरा जवळून दिसला तर आणखी एक खूण आहे. दोघांच्याही गालांवर पांढरी उघडी कातडी असते, पण लाल-हिरव्या मकावाच्या गालावर बारीक लाल पिसांच्या रेघा ओढलेल्या स्पष्ट दिसतात. यांच्याशिवाय लहान मकावांच्या जाती आहेत. त्यांतला निळ्या डोक्याचा मकाव पाहायला तर लोक खास या भागात येतात, कारण त्याचा वावरच पेरू, ब्राझील आणि बोलिव्हियाच्या या सीमाभागापुरता आहे.

हे रंग तयार कसे होतात, याचं उत्तर पोपटांपुरतं वेगळं आहे. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातून येतो. खाणं बदललं की रोहित फिका पडतो. पोपटाचे लाल आणि पिवळे रंग मात्र त्याचं शरीर स्वतः बनवतं, वाढत्या पिसाच्या आत. सिटॅकोफल्विन नावाची ही रंगद्रव्यं पक्ष्यांमध्ये फक्त पोपटांतच सापडतात. निळ्यासाठी त्यांच्याकडे रंगद्रव्यच नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. त्या निळ्यावर पिवळं द्रव्य चढलं की हिरवा होतो. तेच द्रव्य कुठे लाल आणि कुठे पिवळं व्हायचं, हे एक विशिष्ट विकर ठरवतं, असं 2024 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. म्हणजे एवढं रंगवैभव हा पक्षी आपल्या अंगच्या कारखान्यात घडवतो. पण त्याला बाहेरूनच आणावी लागते अशी एक अगदी साधी वस्तू आहे.

मीठ

पोपट माती का खातात, याचा शोध बरीच वर्षं चालला. कोंबड्या खडे गिळतात ते पोटात दाणे दळायला. पोपटांचंही तसंच असेल, ही पहिली शंका लवकर निकालात निघाली, कारण ते निवडतात ती माती अतिशय बारीक, चिकण असते. तिने दळणार काय?

दुसरी शंका विषाची. मकाव प्रामुख्याने बिया खातात, तेही फळ पिकायच्या आधी. इतर प्राणी फळ पिकायची वाट पाहत असतात, तेव्हा मकाव आपल्या जबर चोचीने कच्च्या फळातली बी फोडून मोकळा झालेला असतो. झाडं मात्र आपल्या बिया अशा कुणाला फुकट देत नाहीत. कच्च्या बियांत तुरट आणि विषारी द्रव्यं भरलेली असतात. जेम्स गिलार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली पिंजऱ्यातल्या ॲमेझॉन पोपटांवर एक प्रयोग केला. काहींना क्विनिडिन हे वनस्पतिजन्य द्रव्य नुसतंच दिलं, काहींना ते दरडीच्या मातीबरोबर दिलं. माती खाल्लेल्या पोपटांच्या रक्तात ते द्रव्य निम्म्याहूनही कमी उतरलं. चिकणमाती विष धरून ठेवते, हे सिद्ध झालं.

पण मग पोपट त्या एकाच थराला का चिकटतात? विष धरायचं काम शेजारचा थरही करू शकतो. डोनाल्ड ब्राइटस्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबोपाताच्या मातीचे नमुने तपासले, तेव्हा आवडत्या थरांत सोडियम जास्त निघालं. पोपट मिठासाठी येत होते.

यामागे भूगोल आहे. झाडांना सोडियमची फारशी गरज नसते, म्हणून पाना-फळांत ते नगण्य असतं. समुद्राजवळच्या जंगलांना पावसातून थोडंफार मीठ मिळतं, कारण ढग समुद्रावरून येतात. पेरूचं हे जंगल प्रशांत महासागराला जवळ वाटतं, पण मध्ये अँडीज पर्वताची भिंत उभी आहे. इथला पाऊस पूर्वेकडून, अटलांटिकवरून, अख्खा खंड ओलांडून येतो. वाटेत पुन्हा पुन्हा बरसत आलेल्या त्या ढगांत मीठ उरतच नाही. पोपटांच्या बहुतेक मोठ्या दरडी ॲमेझॉनच्या पश्चिम टोकाला, अँडीजच्या पायथ्यालगतच्या पट्ट्यात का एकवटल्या आहेत, ते यावरून समजतं.

ही टंचाई एकदा लक्षात आली की जंगलभर तिच्या खुणा दिसू लागतात. नदीत ओंडक्यावर ऊन खात बसलेल्या कासवाच्या डोळ्यांभोवती फुलपाखरं जमतात आणि त्याचे अश्रू पितात. माणसाच्या घामावर बारीक मधमाश्या येऊन बसतात आणि हुसकावल्या तरी जात नाहीत. आपल्याकडच्या जंगलांत गवे, सांबर आणि चितळ खारी माती चाटायला ठरावीक जागी येतात. तीच गरज इथे झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला खाली ओढून आणते.

मीठ कुणाला जास्त लागतं, हेही कालांतराने उलगडलं. जंगलात अन्न कमी असतं तेव्हा पोपटांनी वाईटसाईट बिया खाव्यात आणि माती जास्त खावी, असा विषाच्या बाजूने तर्क होता. अनेक वर्षांच्या नोंदी उलट सांगतात. दरडीवरची गर्दी अन्नाच्या टंचाईबरोबर वाढत नाही, ती विणीच्या हंगामाबरोबर वाढते. मकाव आपल्या पिल्लांनाही ही माती भरवतात. पिल्लाच्या अन्नपिशवीत बियांच्या लगद्याबरोबर ती सापडते. म्हणून दरडीवरचा मकाव पुष्कळदा घरी पिल्लू ठेवून आलेला आई किंवा बाप असतो. आपण त्याला दचकवून उडवलं तर एक छायाचित्र हुकतं, पण त्या पिल्लाचं त्या दिवसाचं मीठही हुकतं.

ढोली

मकाव घरटं बांधत नाहीत. त्यांना तयार ढोली लागते, आणि मीटरभर लांबीच्या पक्ष्याला आत वळता येईल एवढी मोठी ढोली कुठल्याही झाडाला नसते. तंबोपाताच्या जंगलात त्यांची आवड शिवावाको नावाच्या झाडाला. जंगलाच्या छतावर डोकं काढणारा हा वृक्ष फार सावकाश वाढतो आणि शेकडो वर्षं जगतो. एखादी जाड फांदी मोडते, त्या जागी लाकूड कुजत जातं आणि अनेक दशकांनी मकावाला राहण्याजोगी पोकळी तयार होते. शिवावाकोचं लाकूड लोखंडासारखं कठीण. त्यामुळे परदेशांत घरांच्या लाकडी जमिनींसाठी त्याला मोठी मागणी आहे, आणि तोडायला निवडली जातात ती मोठी, जुनी झाडंच. या वृक्षाला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या यादीत घेण्याचा निर्णय 2022 साली झाला.

निळ्या-पिवळ्या मकावाची पसंती वेगळी आहे. तो दलदलीत वाढणाऱ्या अग्वाहे ताडाच्या मेलेल्या, शेंडा गळून पडलेल्या खोडात घर करतो. असं खोड काही वर्षांत कोसळतं, म्हणून त्याला सारखी नवी मेलेली झाडं लागतात. ‘वाळकी झाडं काढून जंगल साफ करणं’ हे ऐकायला चांगलं वाटतं, पण तसं केल्यास या पक्ष्याचं घरच काढलं जातं. आपल्या गावांतल्या राघूंचंही तसंच आहे. रस्त्याकडेचे जुने वड-पिंपळ रुंदीकरणात गेले की त्यांच्या ढोल्याही जातात, आणि त्याजागी लावलेल्या रोपाला ढोली पडायला दोन पिढ्या लागतात.

ढोल्यांसाठी मकावांच्या जोड्या आपसात कडाडून भांडतात. ही चणचण पाहून संशोधकांनी 1990 च्या दशकापासून तंबोपातात लाकडी पेट्या आणि जाड पीव्हीसी नळ्यांची घरटी झाडांवर टांगायला सुरुवात केली. शेंदरी मकावांनी ती स्वीकारली. त्यामुळे दोरीने वर चढून अंडी-पिल्लं तपासणं शक्य झालं, आणि आज जंगलातल्या मकावाच्या बालपणाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या घरट्यांनी दिलं आहे.

काळ

शेंदरी मकावाची मादी दोन ते चार अंडी घालते. साधारण चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, पण सगळी एकाच दिवशी नाही. पहिलं आणि तिसरं यांत काही दिवसांचं अंतर पडतं. मोठं पिल्लू पुढे सरसावतं, आईबाप त्यालाच जास्त भरवतात आणि धाकटी उपाशी मरतात. एका घरट्यातून बहुतेक वेळा एकच पिल्लू, फार तर दोन उडतात. त्यासाठी ढोलीत जवळजवळ तीन महिने लागतात. उडाल्यावरही ते कित्येक महिने आईबापांबरोबर राहून कुठलं फळ कधी खायचं, कुठली दरड कुठे आहे, हे शिकतं. स्वतः अंडी घालायच्या वयाला यायला त्याला अनेक वर्षं जावी लागतात.

अशा हिशेबाने चालणाऱ्या पक्ष्याच्या लोकसंख्येत मोठ्या पक्ष्यांचं जिवंत राहणं सर्वांत महत्त्वाचं असतं. चिमणीची एक वीण बुडाली तर ती त्याच हंगामात भरून काढते. मकावाची अनुभवी जोडी गेली तर ती जागा भरायला दशक लागतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंजऱ्यांसाठी दक्षिण अमेरिकेतून मकाव पकडून नेणाऱ्या व्यापाराने हीच जखम केली. पिल्लं काढण्यासाठी शिकारी ढोलीचं झाडच तोडत, म्हणजे पिल्लाबरोबर पुढच्या शंभर वर्षांचं घरही जाई. शेंदरी मकाव 1985 पासून साइटीसच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. अमेरिकेने 1992 मध्ये आणि युरोपीय संघाने 2007 मध्ये कायमस्वरूपी निर्बंध आणले, तेव्हा जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांच्या दोन मोठ्या बाजारपेठा बंद झाल्या.

मुंबई-पुण्यातही मकाव पाळणारे आहेत. आपल्याकडचे राघू पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण परदेशी पोपटांचा प्रश्न बरीच वर्षं मोकळाच होता. 2022 च्या दुरुस्तीने साइटीसच्या यादीतले प्राणी-पक्षी या कायद्याच्या कक्षेत आले आणि ते बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आलं. कागद झाले तरी मूळ गोष्ट बदलत नाही. जन्मभर एका जोडीदाराबरोबर राहणारा, रोज अनेक किलोमीटर उडणारा हा पक्षी दिवाणखान्यात ठेवण्याचा नाही.

धाकट्या पिल्लांच्या मरणातूनही काही मार्ग निघतो का, हे ब्राइटस्मिथ आणि गॅब्रिएला विगो यांच्या गटाने तपासलं. उपाशी राहणार असं दिसणारं पिल्लू त्यांनी काढून घेतलं, काही दिवस हाताने भरवून सशक्त केलं आणि दुसऱ्या एखाद्या घरट्यात, जिथे एकच पिल्लू होतं तिथे, नेऊन ठेवलं. दत्तक आईबापांनी ते आपलं म्हणून वाढवलं. जिथे मकाव फार थोडे उरले आहेत, तिथे हा उपाय मोलाचा ठरू शकतो.

सोनं आणि रस्ता

तंबोपाता राष्ट्रीय राखीव क्षेत्र 2000 साली जाहीर झालं, सुमारे पावणेतीन लाख हेक्टरचं. त्याला लागून 1996 पासूनचं बाहुआहा-सोनेने राष्ट्रीय उद्यान आहे. नकाशावर हे हिरवे तुकडे भक्कम दिसतात, पण त्यांच्या उत्तरेला ला पांपा नावाच्या भागात जंगलाची जागा चिखलाच्या डबक्यांनी घेतली आहे. इथल्या नद्यांच्या गाळात सोन्याचे कण आहेत. ते काढायला झाडं तोडून जमीन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात आणि सोनं गोळा करायला पारा वापरतात. पारा तापवून उडवला की तो हवेतून जंगलावर उतरतो आणि पाण्यातून माशांत जातो. ब्राझीलला पेरूशी जोडणारा मोठा रस्ता झाल्यावर खाणवाल्यांना हा भाग आणखी सोपा झाला. 2019 च्या फेब्रुवारीत पेरू सरकारने ला पांपात मोठी मोहीम काढून हजारो बेकायदा खाणवाल्यांना हटवलं. सोन्याचा भाव चढला की खोदकाम पुन्हा डोकं वर काढतं.

अशा ठिकाणी जंगल उभं ठेवण्यात कुणाचा तरी रोजचा फायदा असावा लागतो. तंबोपाताकाठच्या इन्फिएर्नो या गावात एसे एहा आदिवासी आणि नंतर येऊन स्थायिक झालेली कुटुंबं एकत्र राहतात. या समूहाने 1996 मध्ये एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. लॉज गावाच्या जमिनीवर, नफ्यातला 60 टक्के वाटा गावाचा, आणि काम शिकून गावच्या माणसांनीच वाटाडे व व्यवस्थापक व्हायचं. मकावाचं झाड तोडून एकदा पैसे मिळतात. ते उभं ठेवलं तर दर हंगामात मिळतात. हा हिशेब गावाने स्वतः मांडला, म्हणून तो टिकला.

पाहणाऱ्याचं काम

म्हणून तंबोपाताला जाणाऱ्याने बेत आखताना मीठ, ढोली आणि काळ या तिन्ही गोष्टींचा विचार करावा. एप्रिल-मे ते ऑक्टोबर हे कोरडे महिने प्रवासाला सोयीचे. पण मे ते जुलैत दरडी त्यामानाने ओस असतात, कारण पुष्कळ पोपट अन्नाच्या शोधात पांगलेले असतात. ऑगस्टपासून वर्दळ वाढत जाते. सोय आणि पक्षी दोन्ही साधायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर बरे. एकाच सकाळवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण पाऊस किंवा एखादा गरुड ती सकाळ घेऊन जाऊ शकतो. दरडीजवळच्या मुक्कामात निदान तीन-चार सकाळी हाताशी असाव्यात.

लॉज निवडताना दोन प्रश्न विचारावेत: मालकी आणि नफा कुणाचा, आणि दरडीपासून किती अंतरावर बसवता? ‘अगदी जवळ नेतो’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर दुसरी जागा पाहावी. कपडे मातकट रंगाचे असावेत, होडी दरडीसमोर रेंगाळू देऊ नये, आणि पक्षी झाडावर जमत असताना, म्हणजे ते सर्वांत बिचकलेले असताना, जागचं हलू नये. दुपारी दलदलीतल्या अग्वाहेच्या ताडांपाशी जाऊन निळ्या-पिवळ्यांची परतीची उड्डाणं पाहावीत. वाटेत शिवावाकोचं झाड लागलं तर वाटाड्याला थांबायला सांगून त्याची ढोली शोधावी. पक्षी नसला तरी ती पाहण्यासारखी असते.

आणि एक वही न्यावी. तंबोपाताचे संशोधक आणि त्यांचे स्वयंसेवक दरडीवर बसून दर पाच मिनिटांनी कुठल्या जातीचे किती पक्षी मातीवर आहेत, हे लिहितात. ही पद्धत कुणालाही जमते. उजाडल्यापासून दर पाच मिनिटांनी मोजायचं, पक्षी कशाने उडाले ते लिहायचं, होडी गेली तर होडी लिहायची. मोजू लागलं की डोळे रंगावर थांबत नाहीत. कुठली जात कुणानंतर उतरते, कुठला थर निवडते, किती वेळ टिकते, हे आपोआप दिसू लागतं. मकाव माती खातात ते विणीच्या काळात आणि मिठासाठी, हे जगाला कळलं ते कुणा एकाच्या साक्षात्काराने नव्हे. वर्षानुवर्षं पहाटे उठून आकडे भरणाऱ्या माणसांमुळे ते कळलं. त्या आकड्यांमुळेच आज ठामपणे सांगता येतं की कुठली दरड राखायची, कुठलं झाड तोडू द्यायचं नाही आणि कुठल्या महिन्यांत होड्या दूर ठेवायच्या. इतक्या दूर जाऊन पाहिलेल्या सकाळींची नोंद आपणही वाटाड्याच्या हाती देऊन यावी. मकावासाठी पाहुण्याला करता येण्याजोगं सर्वांत उपयोगी काम तेच आहे.